शिलाई मशीन दुरुस्ती, कापड बाजारामागचा बोळ, नगर

रविवारी जाऊ नका. हे सगळ्यात आधी सांगते, कारण माझी फेरी वाया गेली होती. मे महिना, लग्नसराई ऐन भरात, मांडीवर मशीनचं हेड घेऊन रिक्षानं सावेडीहून कापड बाजारात आले, साडीला तेलाचे डाग पडले ते वेगळेच, आणि बघते तर शटर खाली. वर खडूनं लिहिलेलं, ‘रविवार बंद’. सगळा बाजार उघडा, हे एकटं दुकान बंद. शेजारच्या बटण-लेसवाल्याला विचारलं, तर तो म्हणाला, ‘ते ख्रिश्चन आहेत ताई, रविवारी चर्चला जातात.’ मी म्हटलं, चर्च सकाळी असतं, आता दुपारचे तीन वाजलेत! पुढं ओळख झाल्यावर हे मी मिस्त्रीकाकांनाही ऐकवलं. ते म्हणाले, ‘सकाळी उपासना, दुपारी झोप.’

मी घरीच ब्लाऊज शिवते, बावीस वर्षं झाली. कटोरी, प्रिन्सेस, पैठणीचे काठ लावून, म्हणाल तसा. पिको-फॉल बाहेर देते, त्यात पैसा कमी आणि डोळे जास्त जातात. मशीन दोन. एक सासूबाईंचं काळं, पायाचं. दुसरं त्याच जातीचं पण मोटर बसवलेलं, रोजचं काम त्याच्यावर. हे मोटरचं टाके सोडायला लागलं होतं. सुती अस्तरावर नीट चालायचं, साटीन आलं की तीन टाके पडायचे आणि चौथा गायब. गिऱ्हाइकानं हात वर केला की काखेतली शिवण उसवायची. ब्लाऊजवालीची अब्रू काखेत असते बघा. सुई बदलून पाहिली, दोरा बदलून पाहिला. घरी येणारा एक मिस्त्री बोलावला. त्यानं शटल, म्हणजे सुईखाली दोरा पकडणारा भाग, गेलंय म्हणून सांगितलं, नवं घातलं, ९०० रुपये घेतले आणि जुनं शटल स्वतःच्या पिशवीत टाकून घेऊन गेला. आठ दिवसांत परत तेच रडगाणं.

म्हणून सोमवारी पुन्हा या बोळात आले. पाटीवर दुकानाचं नाव नाही, मालकाचं नाही. ‘शिलाई मशीन दुरुस्ती’ एवढंच, त्यातलीही शेवटची अक्षरं पुसट झालेली. आत दीड माणूस बसेल एवढी जागा. मिस्त्रीकाका साठीच्या पुढचे, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला. हाताखाली एक पोरगा. फळीवर काळी मशीनं ओळीनं मांडलेली, प्रत्येकाच्या गळ्यात सुतळीनं बांधलेला पुठ्ठा, त्यावर नाव, तक्रार आणि देण्याची तारीख. भिंतीवर देवाचा फोटो-बिटो काही नाही. पत्र्याची एक वीतभर पट्टी आहे, तिच्यावर रंगानं लिहिलंय, ‘कलस्सै. ३:२३’. मला वाटलं एखाद्या परदेशी मशीनचा मॉडेल नंबर असेल. पोराला विचारलं तर म्हणाला, ‘ते काकांच्या बायबलमधलं आहे.’ काका काही बोलले नाहीत. त्यांची बोटं तोवर माझ्या मशीनच्या पोटात गेली होती.

त्यांनी आधी दोरा काढून टाकला. बिनदोऱ्याची सुई वहीच्या कागदावर चालवली आणि कागद उजेडात धरला. भोकं सरळ रेषेत, सारख्या अंतरावर. म्हणजे कापड पुढं सरकवणारे दाते ठीक. मग मशीन आडवं केलं, हातानं चाक फिरवून सुई तळाला नेली आणि तिथून एवढीशी वर आणली, दोनेक मिलीमीटर. ‘ताई, इकडं बघा,’ म्हणाले आणि बॅटरी माझ्या हातात दिली. सुई तळाला जाऊन वर फिरली की दोऱ्याचा बारीक फुगा होतो. शटलच्या टोकानं नेमकं त्याच वेळी, सुईच्या नेढ्याच्या जरा वरून, त्या फुग्यात शिरायचं असतं. फुगा हुकला की टाका सुटला. माझ्या मशीनचं टोक नेढ्याच्या खालून चाललं होतं. सुईदांड्याचा स्क्रू ढिला झालेला, कधीतरी पैठणीच्या काठाच्या चार पदरांवर सुई आदळली असणार आणि दांडा केसभर वर सरकला. शटलचा काही संबंधच नव्हता. बावीस वर्षं मी मशीनवर बसतेय, खाली काय चालतं ते त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

दांडा केसभर खाली घेतला, स्क्रू आवळला. पाच मिनिटांचं काम. मी पर्स उघडली तर म्हणाले, ‘थांबा, झालं नाही.’ पुढं पाऊण तास गेला. दात्यांखाली दोऱ्याची धूळ दाबून दाबून नमद्यासारखी झालेली, ती टाचणीनं कोरून काढली. सांध्यांतला पिवळा चिकटा रॉकेलच्या ब्रशनं घासला. वास घेतला आणि माझ्याकडं चष्म्यावरून पाहिलं. ‘खोबरेल कोण घालतं?’ मी गप्प. मशीनचं तेल संपलं की मी डोक्याचं घालायचे, सगळ्याच घालतात. ‘थंडीत केसांवर गोठतं ना, तसं इथंही गोठतं,’ म्हणाले. मग वर लाल दोरा, खाली पांढरा, म्हणजे कुठला ओढतोय ते दिसतं. सुती अस्तर, साटीन, जरीचा काठ, दुपदरी खाकी, चारही तुकड्यांवर शिवून पाहिलं. आणि शेवटी नुसत्या चिंधीवर दहा मिनिटं मशीन पळवलं. का, तर नवं घातलेलं तेल सुईवाटे उतरतं आणि घरी गेल्यावर पहिल्या ब्लाऊजला डाग पडतो. हे तर मला माहीतच होतं, फक्त मला वाटायचं की तेवढा डाग पडतोच.

बिल हातानं लिहिलेलं. सुईदांडा सेट, साफसफाई, तेल, एकूण १८० रुपये. त्याखाली एक ओळ, जिचे पैसे नव्हते: ‘शटल बदललेलं नाही, चांगलं आहे.’ चाचणीची साटीनची चिंधी बिलाला टाचून दिली. ती चिंधी माझ्याकडं अजून आहे.

याला आता तीन वर्षं होतील. या काळात बॉबिन केस बदललं, पट्टा बदलला, मोटरचे कार्बन बदलले. प्रत्येक वेळी जुना पार्ट काडेपेटीत घालून परत मिळतो. मला काय करायचाय झिजलेला कार्बन? पण ते देतातच. फेकायचा तर तुम्ही फेका, म्हणतात.

दुकानात बसायला एक स्टूल आहे आणि ‘ज्ञानोदय’चे जुने अंक. हे नियतकालिक १८४२ साली आपल्या नगरातच सुरू झालं, हे मला मशीन दुरुस्त व्हायची वाट बघताना कळलं. अमेरिकन मराठी मिशनचे लोक १८३१ मध्ये नगरला आले, शाळा काढल्या, पुढं कारागिरी शिकवणाऱ्या शाळाही काढल्या. काकांचे आजोबा तशाच एका शाळेत हत्यारं धरायला शिकले, म्हणून घरात हा धंदा. एवढं त्यांनी सांगितलं तेही तीन फेऱ्यांमध्ये तुकड्या-तुकड्यानं. बोलघेवडा माणूस हवा असेल तर दुसरीकडं जा.

आता त्या पट्टीचं. एका संध्याकाळी मी मशीन न्यायला गेले, सात वाजून गेले होते, शटर अर्धं ओढलेलं. काका गल्ला उपसत होते. त्या दिवशी सगळ्यांनी फोनवरून पैसे पाठवलेले, रोकड जवळजवळ नाही, आणि पोराला फोनवर पैसे घेता येत नाहीत, त्याचं खातं नाही. काकांनी माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाले, ‘ताई, दोनशे रुपये असतील का? उद्या सकाळी देतो.’ मी दिले. ते तसेच पोराच्या हातात गेले, वर गल्ल्यातले दीडशे, आणि पोरगा सायकलवर टांग टाकून गेला. मी म्हटलं, उद्या दिले असते तरी चाललं असतं की, तो कुठं पळून चाललाय? काका म्हणाले, ‘त्याचं आजचं आहे. उद्यावर नाही ठेवायचं.’ सकाळी साडेनऊला माझ्या फोनवर दोनशे आले.

मला हे जरा जास्तच वाटलं, खोटं कशाला सांगू? माझ्याकडं एक मुलगी हुक-काज आणि हातशिलाईला येते. तिचे पैसे मी गिऱ्हाइकाकडून आले की देते. गिऱ्हाईक दिवाळीचा ब्लाऊज संक्रांतीला नेतं, मग तिचेही पैसे संक्रांतीला. आमच्या धंद्यात असंच चालतं.

माझ्याकडं ब्लाऊज शिवायला एक निवृत्त शिक्षिका येतात, त्या ख्रिस्ती आहेत. नाताळाआधी पांढऱ्या साडीवरचा ब्लाऊज दरवर्षी माझ्याकडेच. त्यांना विचारलं, बाई, ते कलस्सै की काय तीन तेवीस म्हणजे काय? त्यांना पाठच होतं. येशूचा प्रेषित पौल यानं कलस्सै गावच्या ख्रिस्ती मंडळीला लिहिलेलं पत्र, अध्याय तिसरा, वचन तेविसावं. जे काम कराल ते माणसांसाठी नव्हे, प्रभूसाठी करतोय असं समजून मनापासून करा, असा अर्थ. मी म्हटलं, वा, छान आहे. तर बाई म्हणाल्या, ‘छान आहे, पण कुणाला लिहिलंय ते माहितेय का? दासांना. त्याच्या आधीचं वचन बघ, दासांनो आपल्या धन्यांच्या आज्ञेत राहा असं आहे.’

मग माझं डोकं फिरलं. म्हणजे मालकानं हे भिंतीवर रंगवायचं आणि पोरानं प्रभूसाठी म्हणून राबायचं? सोयीचंच झालं की! बाई हसल्या. त्या शाळेत होत्या तेव्हाही अशाच हसत असतील, पोरानं बरोबर चूक पकडल्यावर. म्हणाल्या, ‘दोन-तीन वचनं पुढं जा. चौथ्या अध्यायाचं पहिलंच वचन धन्यांना आहे. दासांशी न्यायानं, सारखेपणानं वागा, तुमचाही धनी वर आहे.’ आणि ती मजुरीची गोष्ट सांगितली तेव्हा त्या म्हणाल्या, हे तर त्याहूनही जुनं, मोशेच्या नियमशास्त्रातलं. मजुराची मजुरी रात्रभर आपल्याकडं ठेवायची नाही, बायबलच्या ‘लेवीय’ या पुस्तकातही आहे आणि ‘अनुवाद’ या पुस्तकातही. सूर्य मावळायच्या आत द्यायची, कारण तो गरीब आहे आणि त्याचा जीव त्या पैशावर लागलेला असतो.

काकांचं दुकान सूर्य मावळल्यावरही तासभर उघडं असतं, म्हणजे तंतोतंत म्हणाल तर तिथंही चूकच. पण मला कळलं ते हे, की पट्टीवर पोराला दिसेल असं एकच वचन आहे, आणि मालकासाठीचं भिंतीवर कुठं लिहिलेलं नाही. ते गल्ल्यातून निघतं.

आता तक्रार. पाच तारे दिले असते, एक कापला, तो कशासाठी ते ऐका आणि तुम्हीच ठरवा.

२०२४ साली सरकारी शाळांच्या गणवेशाची शिलाई महिला बचत गटांकडे आली होती. आमच्या गटालाही काम मिळालं. पाच जणींची पाच मशीनं, सगळी आधी ठीकठाक करून घ्यायची ठरली. मी छाती ठोकून सांगितलं, माझा मिस्त्री आहे. काकांनी पाचही केली, चार दिवस घेतले, बिल झालं २,३५० रुपये. आमच्या सचिवताई म्हणाल्या, बिल चार हजाराचं आण. खाण्यासाठी नव्हे हो. हेड न्यायला-आणायला रिक्षा, चहा, तालुक्याला दोन खेपा, असा खर्च खरंच झालेला होता आणि त्याच्या पावत्या कुणाकडं नव्हत्या. तो सगळा मशीन दुरुस्तीत दाखवायचा, सोपं.

मी गेले, सांगितलं. काकांनी २,३५० चं बिल लिहिलं आणि फाडून दिलं. मी म्हटलं, काका, चार हजारांचं. म्हणाले, ‘जेवढं घेतलं तेवढंच लिहितो.’ मी समजावलं की आम्ही चोऱ्या करत नाही, खर्च झालाय. ‘झालाय तर रिक्षाचं रिक्षाच्या नावानं लिहा.’ मी म्हटलं, सगळे देतात हो काका असं. त्यांनी पेनाला टोपण लावलं. ‘मग त्यांच्याकडून करून घ्यायचं होतं.’

पोरगा बघत होता, बटणवाला बघत होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेच वाक्य जरा गोड करून बोलता आलं असतं. तुम्ही सरळ आहात, कबूल, पण समोरची बाई चोर आहे असं तोंड कशाला करायचं? एक तारा त्यासाठी कापला.

गटाच्या बैठकीत मी खरं बिल ठेवलं. रिक्षा आणि चहाचा वेगळा कागद केला, आठवेल तसं तारीखवार लिहिलं. त्यातले ६०० रुपये मंजूर झाले, बाकीचे आम्ही पाच जणींनी वर्गणी काढून भरले. सचिवताई माझ्याशी अजून तुटक बोलतात. आणि मी चार महिने त्या बोळात पाऊल टाकलं नाही. दुसऱ्या मिस्त्रीकडं गेले. तो वाईट होता असं मुळीच नाही, काम बरं करायचा, रविवारीही यायचा. फक्त जुना पार्ट मागितला की हसायचा, आणि मला ती काडेपेटीची सवय लागलेली. डिसेंबरात बॉबिनचा दोरा गुंतायला लागला तेव्हा मान खाली घालून परत आले. म्हटलं आता हा माणूस काय ऐकवतोय. काकांनी मशीन उघडलं, वास घेतला आणि म्हणाले, ‘खोबरेल नाही. बरं झालं.’ एवढंच.

नाही म्हणायला एकदा त्यांना बोलतं केलं मी. सहज विचारलं, काका, तुमच्या बायबलात शिवणारं कुणी आहे का हो? हातातलं काम थांबवलं, हे मी पहिल्यांदाच पाहिलं. म्हणाले, दोघं तर आहेतच. एक पौल, तो तंबू करायचा. करिंथ शहरात अक्विला आणि प्रिस्किल्ला हे नवरा-बायको तोच धंदा करणारे, त्यांच्या घरी राहून त्यांच्याबरोबर काम करायचा, उपदेशही करायचा. दुसरी यापो गावची टबीथा. ती वारली तेव्हा येशूचा शिष्य पेत्र याला बोलावलं, तर माडीवर गावातल्या विधवा रडत उभ्या आणि तिनं करून दिलेले अंगरखे, कपडे त्याला दाखवतायत. पुढं चमत्कार आहे, पेत्र प्रार्थना करतो आणि ती उठून बसते. काकांनी तोही सांगितला, पण मी त्या अंगरख्यांपाशीच अडकले. मी गेल्यावर कोणकोण ब्लाऊज घेऊन येईल, आणि येतील त्या काखेत उसवलेले तर आणणार नाहीत ना! हे मी मोठ्यानं म्हटलं. काका हसले, खरंच हसले, आणि म्हणाले, ‘तिला शटल नव्हतं ताई, हातानं शिवायची. टाका सुटायचा प्रश्नच नव्हता.’

बाकी जाणाऱ्यांसाठी थोडं. घरी येत नाहीत, हेड सुटं करून तुम्हालाच न्यावं लागतं. तातडीचं म्हणून जादा पैसे देऊ केले तरी रांग मोडत नाहीत, पुठ्ठ्यावरची तारीख म्हणजे तारीख. पण तीही शक्यतो चुकत नाही. कंपन्यांत असतात तसली कार्डवाली, कॉम्प्युटरची मशीनं घेत नाहीत. तोंडावर सांगतात, मला येत नाही, आणि त्याच बोळात पुढं ज्याला येतं त्याच्याकडं पाठवतात. त्याच्याकडून कमिशन-बिमिशन घेतात का, मी बटणवाल्याकडं चौकशी केली, घेत नाहीत. शुभ शुक्रवारी बंद, नाताळला चार-पाच दिवस बंद. ईस्टरच्या आधीचा आठवडा लग्नाच्या तिथींत येतो तेव्हा त्रास होतो, आधी बघून ठेवा. भाव पाडून मागू नका, पाडत नाहीत, पण वाढवूनही सांगत नाहीत. माझ्या सांगण्यावरून सात-आठ जणी गेल्या, दोघींना ‘मशीनला काही झालेलं नाही, सुई उलटी बसवलीय’ म्हणून फुकट परत पाठवलं. त्यातली एक माझ्यावरच चिडली, एवढ्या लांब रिक्षानं पाठवलं म्हणून.

हे लिहितेय तेव्हा माझं मोटरचं मशीन त्यांच्याकडंच आहे. शनिवारी पाच वाजता नेलं, पट्टा तुटला होता आणि पट्ट्यानं जाताना पुलीही खाल्ली. पुठ्ठ्यावर तारीख पडली सोमवारची. मी म्हटलं, काका, उद्या संध्याकाळी हळद आहे, तीन ब्लाऊज द्यायचेत. त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बोट दाखवलं. आता सासूबाईंच्या काळ्या मशीनवर बसलेय, पोटऱ्या भरून आल्यात, दोन झाले, तिसऱ्याच्या बाह्या राहिल्यात. सासूबाई बाजूला बसून सांगतायत, पाय सारखा मार, धक्के देऊ नको.